सुटे भाग आणि वाद्य

(दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर पहिल्या रांगेत बसलेले आपले सर आणि बाई, दहावी 'ब'च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आणि 'अ' आणि 'क' तुकडीच्या हुशार मंडळींनो,

कार्यक्रम ठरवणाऱ्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "गिटारवर." ती म्हणाली, "अगंबाई, तू गिटार वाजवतेस?" म्हटलं, "नाही, बनवली." त्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "बरं, दहा मिनिटं बोल." तर मला दहा मिनिटं मिळाली आहेत. गणिताच्या सरांच्या ऑफ तासाला आपण जशी घ्यायचो, तशी मी ती थोडी ताणून घेणार आहे.

गिटार मुलीसाठी केली. ती वाजवते, मी चार कॉर्डपाशी अडखळते. पण आज मी बोलणार आहे ते तेवढ्यासाठी नाही. दुपारी जेवणानंतर आपली बैठक आहे. माजी विद्यार्थी निधीत जमलेल्या पैशांतून शाळेला काय द्यायचं, ते तिथे ठरायचं आहे. पत्रकात दोन सूचना आल्या आहेत, स्मार्ट बोर्ड आणि टॅबलेट. मी तिसरी सूचना मांडणार आहे. ती मला कुठे सुचली, हे सांगण्यासाठी ही गिटार सोबत आणली आहे.

आधी खोक्यात काय होतं ते सांगते. बासवूड नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची कोरी बॉडी. मेपल लाकडाची नेक, म्हणजे ज्या दांड्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात तो. त्या दांड्यावर आधीच ठोकलेल्या बावीस फ्रेट, म्हणजे धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या. दोन पिकअप, आवाज कमी-जास्त करायचा एक नॉब, सूर उजळ-मंद करायचा दुसरा, तीन जागांचा एक स्विच, सहा खुंट्या, तारा, स्क्रूंची पुडी आणि चित्रं काढलेला एक कागद. रंग नाही, पॉलिश नाही. खुंट्या बसवायचं नेकचं डोकंसुद्धा नुसतं चौकोनी सोडलेलं, आपल्याला हव्या त्या घाटात कापून घ्यायला. जाहिरातीत अशी किटं नवशिक्यांसाठी म्हणून येतात. एका शनिवार-रविवारात गिटार तयार होईल असं आपल्याला वाटतं. मला दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत वेळ लागला, आणि तोही मुलुंडच्या आमच्या गॅलरीत, एका बाजूला वाळत घातलेले कपडे आणि दुसऱ्या बाजूला तुळस सांभाळून.

गिटार अशी खोक्यात घालून पाठवता येते, याचं बरंचसं श्रेय एका रेडिओ दुरुस्तीवाल्याला आहे. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे वाचून मला फार धीर आला. १९५० साली त्यांनी जी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तिला १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव मिळालं. बॉडी म्हणजे सपाट फळी, आणि नेक तिला चार स्क्रूंनी आवळलेली. त्या काळातल्या बहुतेक चांगल्या गिटारींची नेक सरसाने सांधलेली असे. ती वाकली किंवा झिजली तर वाद्य कारागिराकडे जायचं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहायचं. फेंडरनी वाद्याकडे रेडिओसारखं पाहिलं. भाग बिघडला, तर स्क्रू काढा आणि दुसरा लावा. माझी गिटार त्याच घाटाची आहे. मागच्या बाजूला हे चार स्क्रू दिसतायत ना? पंच्याहत्तर वर्षं झाली, ही युक्ती तशीच चालू आहे.

फ्रेट बरोबर जागी आहेत का, हे मी आधी मोजून पाहिलं. गणिताचे सर "उत्तर बरोबर आहे, पण ताळा कुठाय?" असं इतक्या वेळा विचारायचे की ती सवय आता जात नाही. या गिटारची मोकळी तार ६४८ मिलिमीटर लांब आहे. बारावी फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येते. तिथे तार दाबली की मूळ स्वराचा वरच्या सप्तकातला जोडीदार मिळतो. मधल्या बारा पायऱ्या सारख्या प्रमाणात हव्यात, म्हणजे अशी एक संख्या हवी की जी स्वतःशीच बारा वेळा गुणली की दोन होते. ती १.०५९५च्या आसपास येते. त्यावरून पहिली फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर, त्यापुढची आणखी ३४.३वर, आणि अशा त्या जवळजवळ येत जातात. सर, हीच ती भूमितीय श्रेढी. पेटीच्या बारा पट्ट्यांचे स्वर याच हिशोबाने लावलेले असतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे ते थोडे पुढेमागे सरकवता येतात. गिटारच्या फ्रेट खोबणीत ठोकलेल्या, त्या जागच्या हलत नाहीत. माझा ताळा जुळला. इथपर्यंत सगळं शाळेने शिकवलेलं होतं, आणि मी खुशीत होते.

मग पॉलिशची वेळ आली.

मुंबईत लाकडावर पॉलिश करायचं म्हणजे आधी हवेकडे बघावं लागतं. कागदावरच्या सूचना कोरड्या हवेच्या देशातल्या माणसाने लिहिलेल्या असाव्यात. आपल्याकडे दमट दिवशी लॅकर किंवा स्पिरिटमधलं पॉलिश मारलं की पातळ द्रव झपाट्याने उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरावर बसते. थर पांढुरका, दुधाळ होतो. हे का होतं, ते मला माहीत होतं. बाष्पीभवनाने थंडावा येतो, हे विज्ञानाच्या बाईंनी माठाचं उदाहरण देऊन शिकवलं होतं.

आमच्या इमारतीत तेव्हा एका घरी फर्निचरचं काम चालू होतं. तिथे पॉलिश करणारे एक वयस्कर चाचा होते. मी त्यांना गॅलरीत बोलावलं आणि बॉडी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने कडा चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला तो, "पेपर किस तरफ से मारा?" पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेनेच मारायचा, आडवा मारला तर आता दिसत नाही, पण पॉलिश चढल्यावर प्रत्येक ओरखडा वर येतो. आधी १८० नंबर, मग २४०, मग ३२०. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात, वाळले की ते पुन्हा घासून काढायचे.

पॉलिश त्यांनी सुचवलं ते चपड्याचं. चपडा म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या इवल्या किड्यांची ही देणगी, आणि ती मोठ्या प्रमाणावर येते झारखंड-छत्तीसगडकडून. युरोपातल्या जुन्या वाद्यांवर ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, ते हेच. स्पिरिटमध्ये चपडा रात्रभर भिजत घालायचा, गाळून घ्यायचा. सुती कापडात कापूस बांधून गादी करायची, ती भिजवून पिळायची आणि एका दमात लांब हात फिरवायचा. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की तिथे डाग. एक थर, मग वाट पाहायची, मग दुसरा. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ढग आले होते, मी सगळी तयारी करून बसले होते. चाचांनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, हवा गीली है. आज मत मारो." हवामानाचं ॲप आर्द्रतेचा आकडा सांगत होतं. चाचांनी भिंतीला हात लावून पाहिला होता.

मला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. चाचांनी मला एकदाही 'का' सांगितलं नाही. 'का' मला शाळेत मिळालं होतं. त्यांच्याजवळ होतं 'कधी' आणि 'किती'. थर किती पातळ, हात किती जड, गादी अडायला लागली की कधी थांबायचं. हे त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं आणि मला पुस्तकातून देऊही शकले नसते. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांनी माझ्या मनगटाला धरून दोनदा हात फिरवून दाखवला, आणि तिसऱ्यांदा माझा मला फिरवता आला. असे बारा थर झाले. आता उजेडात धरते, बघा.

विजेचं काम त्या मानाने सोपं गेलं. पिकअप म्हणजे काय, ते तुम्हाला सगळ्यांना येतं, फक्त आठवत नाही. लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि गॅल्व्हानोमीटर. चुंबक हलवला की काटा हलतो. फॅरेडेने हे १८३१ साली दाखवलं, आणि आपण प्रयोगशाळेत काटा डावीकडे जाणार की उजवीकडे यावर पैजा लावल्या. इथे चुंबक स्थिर आहे. त्याच्याभोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली आहे. वर पोलादी तार थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेटोळ्यात इवलीशी वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर ही गिटार मुकी राहील. लॅमिंग्टन रोडवरून सोल्डर आणि तांब्याची चिकटपट्टी आणली. आतल्या पोकळीला ती पट्टी आतून लावली, ब्रिजला अर्थची तार जोडली. हे केलं नाही तर घरातल्या विजेचा 'घुंऽऽ' ऐकू येतो. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, म्हणजे ती गुणगुणते ती खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळपास. गाणारी मंडळी बसली आहेत, त्यांनी घरी फ्रिजशेजारी उभं राहून ताळा घ्यावा.

शेवटी तारा चढवल्या. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो होतो, म्हणजे आठवीतलं एक मूल नेकला लटकल्यासारखं. त्या ताणाने नेक किंचित वाकते. ती सावरायला आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. तिला चावीने पाव फेरा द्यायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. सगळं केलं, सूर लावला, तार छेडली, आणि गिटार झरझरली. स्वच्छ स्वर नाही, पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज.

यात किटचा काही दोष नव्हता. नवशिक्यांच्या किटमध्ये बहुधा असंच येतं. बावीस फ्रेट एकाच उंचीच्या हव्यात, पण एखादी केसभर वर असते, आणि थरथरणारी तार तिला घासते. मग फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची, वरून सपाट दगड फिरवायचा. जिथली शाई जाते ती फ्रेट उंच. तेवढीच घासायची आणि कानशीने तिचा माथा पुन्हा गोल करायचा. खुंट्यांजवळच्या पट्टीतल्या सहा खाचाही एकेक करून खोल करायच्या. हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा.

इथे मी आठ दिवस काही केलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बदल पटला नाही, तर मागची आवृत्ती परत आणता येते. भरतकामाच्या बाईंच्या तासाला टाका चुकला, तर उसवता यायचा. बाई, तुम्ही समोर आहात. तुमचं "उसव आणि परत घाल" अजून कानात आहे. पण कानशीने गेलेला धातू परत येत नाही. 'का' मला पूर्ण कळत होतं. 'किती' कळत नव्हतं.

डिसेंबरात सासरी सांगलीला गेले होते. तिथून मिरज हाकेच्या अंतरावर. मिरजेची सतार आणि तानपुरा आपण नावाने ऐकलेले असतात. तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, पटवर्धन संस्थानिकांचा आधार मिळाला, आणि फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दांडीला तून लाकूड, खाली पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारे मोठे भोपळे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी तिथल्या एका छोट्या कारखान्यात तासभर बसले. एक कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते.

जवारी म्हणजे काय, ते गाणाऱ्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. तानपुऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार थरथरताना त्या उताराला हलकेच घासत राहते, आणि त्यातून तो भरलेला, झंकारणारा नाद येतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो खुलवतात. कारागीर कानस एकदा फिरवायचे, तार टेकवायचे, छेडायचे, ऐकायचे. पुन्हा एकदा. कधी कधी नुसतंच ऐकायचे आणि कानस उचलायचेच नाहीत.

बघा, किती गंमत आहे. तार पृष्ठभागाला घासते आणि झरझरते, हा तानपुऱ्याचा प्राण. तीच झरझर गिटारला झालेला आजार. विज्ञान एकच, तार, पृष्ठभाग आणि केसभर अंतर. एक कारागीर ते अंतर झंकार यावा म्हणून राखतो, दुसरा येऊ नये म्हणून. मी त्यांना विचारलं, "किती घासायचं, हे कसं कळतं?" त्यांनी तानपुरा माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "छेडा. आता डोळे मिटून छेडा." मग कानस एकदाच फिरवली आणि म्हणाले, "आता." फरक ऐकू आला. तो मला शब्दांत सांगता येणार नाही, पण मुलुंडला परत आले तेव्हा तो कानात होता. प्रत्येक फ्रेटवर कानस एकदा, मग तार छेडायची, मग ऐकायचं. तीन रविवार गेले. आता ऐका. (इथे मी सहाही तारा एकेक करून छेडल्या.)

मंडळी, खोक्यात सुटे भाग येतात. त्यांचं वाद्य होतं ते शेवटच्या केसभर कामात, आणि ते काम खोक्यात घालून पाठवता येत नाही. ते जाणणारं माणूस शेजारी उभं असावं लागतं.

आता तिसऱ्या सूचनेकडे येते.

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. सुरुवातीच्या वर्षांत ज्या प्रणालींवर रात्री जागवल्या, त्यातली एकही आज चालू नाही. त्याचं दुःख नाही, धंदाच तसा आहे. आता तर कोडचा पहिला खर्डा यंत्र लिहून देतं, आणि तो चालेल का, कुठे अडेल, हे बघण्यासाठी माणूस लागतं. तुमच्यापैकी अनेकजण मला विचारतात, "मुलांना आता काय शिकवावं? कोडिंग लावू का?" माझं उत्तर आहे, लावा, चांगलंच आहे. पण ज्याच्या हाताला कधी 'किती' कळलेलं नाही, त्याला यंत्राने दिलेल्या उत्तरातली केसभर झरझरही ऐकू येणार नाही. हे मी रोज कामावर बघते. उत्तर दिसायला बरोबर असतं, आणि तरुण इंजिनिअर ते तसंच पुढे पाठवतात, कारण वस्तू बसते की हिसका खाते, हे त्यांनी कधी हाताने अनुभवलेलं नसतं.

आपल्याला आठवीत कार्यानुभवाचा तास होता. मुलं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सुतारकामाला जायची, आणि आम्ही मुली वर्गात रुमालावर साखळी टाका घालायचो. तेव्हा सगळीकडेच तसं असायचं. मी बारीक पात्याची करवत पहिल्यांदा हातात घेतली ती पंचेचाळिसाव्या वर्षी, या गिटारचं डोकं कापायला, आणि घाट पेन्सिलने काढून दिला माझ्या मुलीने. मुलांनो, तुमच्यातल्या कितीजणांना शर्टाचं बटण लावता येतं? हात वर करू नका, शेजारी बायका बसल्या आहेत. अर्धी अर्धी शिदोरी मिळाली आपल्याला. पण मिळाली. आजच्या आठवीला ती अर्धीही मिळत नाही. परवा मुख्याध्यापकांबरोबर ती खोली पाहून आले. मोडके बाक आणि जुने नकाशे रचून ठेवले आहेत. खिडकीखालचं सुतारकामाचं बाक मात्र अजून तिथेच आहे, वाइससकट. वाइस फिरतो.

माझी सूचना एवढीच आहे. निधीतला एक वाटा त्या खोलीला द्यावा. बाक दुरुस्त करायचं, आणखी दोन करायची. करवती, रंधे, पटाश्या, कानशी, दोन सोल्डरिंग आयर्न, सुया आणि दोरेसुद्धा. आठवीतली सगळी मुलं आणि सगळ्या मुली, आळीपाळीने, सहा शनिवार. शिकवायला आपल्याच भागातले सुतार, पॉलिशवाले, शिंपी, वायरमन. त्यांना मानधन द्यायचं, आणि वर्गात 'सर' म्हणायचं. पहिली वस्तू गिटार नको. एक फळी, एक पोलादी तार, एक खुंटी, एक चुंबक आणि स्वतः गुंडाळलेलं वेटोळं. एकतारीच ती, फक्त ॲम्प्लिफायरला जोडायची. विज्ञानाच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्यात बसतं.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवलाई नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, त्याच्या केंद्रस्थानी हाताचं काम होतं. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तिथे मुलं बांधकाम, वेल्डिंग, शेती करता करता विज्ञान शिकतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याबरोबर काम करावं, असं लिहिलेलं आहे. कागदावर सगळं आहे. खोलीही आहे. वाइस फिरतो, हे मी आत्ताच सांगितलं.

शंका येणार. पहिली, बोट कापलं तर? कापेल कधीतरी, चिकटपट्टी लागेल. म्हणून धारदार काम मोठ्यांच्या नजरेखाली, एका वेळी बाराच मुलं, डोळ्यांना चष्मा. दुसरी, दहावीच्या टक्क्यांचं काय? हे आठवीला आहे, आणि शनिवारी आहे. तिसरी, स्मार्ट बोर्ड नको का? हवा की. ज्यांनी ती सूचना दिली, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण बोर्ड आज ना उद्या कुठल्यातरी योजनेतून येईल. ही खोली आपण नाही उघडली, तर कोणी उघडणार नाही, कारण ती तिथे आहे हे आपल्यालाच आठवतं. अजून दहा वर्षांनी आठवणारंही कोणी उरणार नाही, आणि ज्या चाचांना 'हवा गीली है' हे भिंतीला हात लावून कळतं, तेही नसतील. खर्चाची यादी मी केली आहे, वस्तू आणि भाव लिहून. दुपारी प्रत्येकाला एक प्रत मिळेल. भाव कमी करून मिळतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरूर घासाघीस करावी.

शेवटचं. ही गिटार मी आज परत नेणार नाही. मुलीची परवानगी घेतली आहे, तिच्यासाठी दुसरी करायला घेणार आहे, यंदा पावसाळा संपल्यावर. ही शाळेला देते, पण कपाटात काचेमागे ठेवायला नाही. खोली उघडली, तर पहिल्या शनिवारी आठवीच्या मुलांनी मागचे हे चार स्क्रू काढायचे, नेक वेगळी करायची, पिकअप उघडून आतलं वेटोळं बघायचं आणि सगळं परत जोडायचं. जोडल्यावर बहुतेक पुन्हा झरझरेल. तेव्हा मला फोन करा. मी येईन, आणि जमलं तर चाचांनाही घेऊन येईन.

सर, बाई, तुम्ही आम्हाला 'का' शिकवलंत, त्याबद्दल मनापासून नमस्कार. दुपारी तीन वाजता बैठकीला सगळ्यांनी या. जेवून झोपू नका.